झाडाचा बचाव, जनावराचा ताण

४ जुलै १९३६ च्या ‘नेचर’ साप्ताहिकात पाच पानांच्या अंतराने दोन लहान टिपणे छापली गेली. सत्ताविसाव्या पानावरचे टिपण हंगेरीतील इश्त्वान रुस्न्याक आणि आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांचे होते. पाप्रिका आणि लिंबू यांतून काढलेल्या पिवळ्या द्रव्यांमुळे नाजूक झालेल्या रक्तकेशिका पुन्हा बळकट होतात, तेव्हा ही द्रव्ये जीवनसत्त्वेच मानावीत, असे त्यांचे म्हणणे होते. बत्तिसाव्या पानावर मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील हान्स सेली या तरुण संशोधकाचे टिपण होते. उंदरांना थंडीत ठेवा, दमेपर्यंत पळवा, त्यांच्यावर शस्त्रक्रिया करा किंवा औषधांचा मारा करा. कारण कोणतेही असो, शरीराची प्रतिक्रिया एकच असते, असे सेलीला दिसले होते. अधिवृक्क ग्रंथी फुगतात, थायमस ग्रंथी आकसते, जठरात व्रण पडतात. या टिपणात ‘स्ट्रेस’ हा शब्द नाही. तो सेलीने पुढे वापरला आणि जगभर रूढ केला. मराठीत आपण त्याला ‘ताण’ म्हणतो.

पहिल्या टिपणातील पिवळी द्रव्ये म्हणजे फ्लेवोनॉइड. दुसऱ्यातील कल्पना म्हणजे सजीवावरचा ताण. त्या दिवशी या दोन पानांचा एकमेकांशी संबंध कोणी जोडला असेल असे वाटत नाही. आज मात्र या संबंधावर एक अख्खी विद्याशाखा उभी आहे आणि तिच्या आश्रयाने मोठी बाजारपेठही वाढली आहे. चहाच्या पुड्यापासून कुत्र्यामांजरांच्या खाद्यापर्यंत आणि दुभत्या गाईच्या पूरक आहारापर्यंत ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द छापलेला दिसतो. वनस्पतीतील द्रव्य प्राण्याच्या पेशीवरचा ताण हलका करते, हा त्यामागचा दावा. तो कितपत खरा आहे, हे पाहायचे तर माणसापेक्षा जनावरांकडे पाहणे अधिक बोधप्रद ठरते. माणूस रोज वीस तऱ्हेचे पदार्थ खातो; कुरणातली मेंढी महिनोन्‌महिने एकच गवत खाते. निसर्गाने लावलेला प्रयोग तिच्या अंगावर स्वच्छ वाचता येतो.

रंग कोणासाठी?

लॅटिन भाषेत ‘फ्लावुस’ म्हणजे पिवळा. त्यावरून या द्रव्यांना नाव पडले. रचना तशी साधी आहे: कार्बनची दोन षट्कोनी कडी आणि त्यांना जोडणारा तीन कार्बनचा पूल, असे एकूण पंधरा कार्बन. या सांगाड्यावर कुठे ऑक्सिजन बसतो, कुठे साखर चिकटते, यानुसार हजारो प्रकार होतात. कांद्याच्या पिवळ्या-तांबूस टरफलात क्वेर्सेटिन असते. रंगपंचमीसाठी उकळल्या जाणाऱ्या पळसाच्या फुलांत ब्युट्रिन आणि त्याची भावंडे असतात. जांभळाचा जांभळा रंग अँथोसायनिनांचा. तेही याच घराण्यातले. ग्रेगोर मेंडेलच्या बागेतले वाटाण्याचे जांभळे फूल याच रंगद्रव्यामुळे जांभळे होते. पांढऱ्या फुलाच्या झाडात ते द्रव्य तयार करण्याचा हुकूम देणारा जनुक बिघडलेला होता, हे २०१० मध्ये सिद्ध झाले. आनुवंशशास्त्राचा पायाच अशा रीतीने एका फ्लेवोनॉइडच्या असण्या-नसण्यावर रचला गेला.

हे रंग आपल्यासाठी नाहीत, हे आधी लक्षात घ्यावे. झाडाला पळून जाता येत नाही. ऊन तापले, कीड पडली, बुरशी आली, तरी त्याला जागच्या जागी तोंड द्यावे लागते. फ्लेवोनॉइड ही त्याची शस्त्रे आणि ढाली. पानाच्या वरच्या थरातील फ्लेवोनॉइड सूर्याचे अतिनील किरण शोषून आतल्या पेशींचे रक्षण करतात. काही फ्लेवोनॉइड बुरशीला मारतात. काही मुळांवाटे मातीत पाझरतात आणि नत्र स्थिर करणाऱ्या रायझोबियम जिवाणूंना ‘या’ म्हणतात. द्विदल पिकाच्या मुळांवरच्या गाठींची सुरुवात या निरोपाने होते, हे १९८६ मध्ये उलगडले. काही फ्लेवोनॉइड एकमेकांना जोडून टॅनिन बनतात आणि चरणाऱ्याच्या तोंडात तुरट चव आणून त्याला परतवतात. म्हणजे ज्याला आपण औषधी गुण म्हणतो, तो मुळात झाडाने स्वतःच्या संकटासाठी केलेला बंदोबस्त आहे. त्यातला काही भाग तर आपल्यासारख्या खाणाऱ्यांविरुद्धच आहे.

‘पी’ जीवनसत्त्वाचा उदय आणि अस्त

सेंट-ग्यॉर्गी यांनी सेगेदच्या प्रसिद्ध पाप्रिका मिरचीतून ‘क’ जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणावर वेगळे केले आणि १९३७ चे नोबेल पारितोषिक मिळवले. त्यांना एक गोष्ट खटकली होती. केशिका नाजूक झालेल्या काही रुग्णांना मिरचीचा वा लिंबाचा अशुद्ध अर्क दिला की गुण येई. शुद्ध ‘क’ जीवनसत्त्व दिले की येत नसे. म्हणजे अर्कात आणखी काहीतरी असले पाहिजे. लिंबातून निघालेल्या त्या द्रव्याला त्यांनी ‘सिट्रिन’ म्हटले आणि जीवनसत्त्व म्हणून ‘पी’ हे अक्षर दिले.

पुढे गिनीपिगांवरचे प्रयोग पुन्हा केल्यावर निकाल जुळेनात. माणसाप्रमाणेच गिनीपिगालाही ‘क’ जीवनसत्त्व स्वतः बनवता येत नाही. त्याच्या खाद्यात ‘क’ चा अंश राहिला असेल तर फ्लेवोनॉइडांमुळे तो अंश जास्त पुरतो. तो मुळीच नसेल तर फ्लेवोनॉइड प्राण्याला वाचवू शकत नाहीत. जीवनसत्त्व म्हणजे ज्यावाचून शरीर चालत नाही ते. या कसोटीवर ‘पी’ टिकले नाही आणि १९५० च्या सुमारास हे नाव अधिकृतपणे सोडून देण्यात आले. फ्लेवोनॉइडवाचून कोणताही प्राणी आजारी पडत नाही. मांजर, वाघ, चित्ता हे प्राणी तर जवळजवळ त्यांच्याविनाच जगतात. ही साधी गोष्ट पुढच्या उत्साहात बरीच विसरली गेली.

प्राणवायूची किंमत

सेलीचा ताण अख्ख्या शरीराचा होता. तो पेशीपर्यंत उतरायला काही दशके लागली. १९६२ मध्ये इटलीतील फेरुच्चो रितोसा यांच्या प्रयोगशाळेत फळमाश्यांच्या पेशी चुकून जास्त तापमानात राहिल्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या गुणसूत्रांवर नव्या जागी फुगवटे दिसले: उष्णतेने काही झोपलेले जनुक जागे झाले होते. त्यांतून तयार होणाऱ्या प्रथिनांना पुढे उष्माघात प्रथिने असे नाव मिळाले. उष्णतेने इतर प्रथिनांच्या घड्या विस्कटतात. ही प्रथिने त्या पुन्हा नीट घालतात. उंदीर, मासा, ज्वारी, माणूस, सगळ्यांकडे ती आहेत.

पेशीचा दुसरा मोठा ताण प्राणवायूचा. पेशीतील तंतुकणिका अन्न जाळून ऊर्जा काढतात, तेव्हा थोडा प्राणवायू अर्धवट जळून निसटतो. त्यातून सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड यांसारखी तापट द्रव्ये तयार होतात आणि ती भेटेल त्या मेदाला, प्रथिनाला, डीएनएला ओरबाडतात. अर्जेंटिनात जन्मलेल्या रेबेका गेर्शमन यांनी १९५४ मध्ये दाखवले, की प्राणवायूचे विष आणि क्ष-किरणांचे विष एकाच मार्गाने, म्हणजे मुक्त मूलकांमार्फत काम करते. १९५६ मध्ये डेनम हारमन यांनी त्यावर वार्धक्याचा सिद्धान्त बांधला. १९६९ मध्ये जो मॅकॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी गाईबैलांच्या रक्तपेशींतून सुपरऑक्साइड निष्प्रभ करणारे एन्झाइम ओळखले. शरीराने या शत्रूसाठी खास हत्यार ठेवले आहे, म्हणजे शत्रू खरा आहे, हे त्यामुळे पटले. १९८५ मध्ये जर्मनीतील हेल्मुट झीस यांच्या ग्रंथाने या अवस्थेला ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ हे नाव रूढ केले. ऑक्सिडीकरण करणारी द्रव्ये आणि त्यांना आवरणारी यंत्रणा यांचा तोल बिघडणे, असा त्याचा अर्थ.

अग्निशामकाची कल्पना

मग तर्क सरळ होता. मुक्त मूलक म्हणजे आग. परीक्षानळीत फ्लेवोनॉइड मुक्त मूलकांना झटपट विझवतात. तेव्हा फ्लेवोनॉइड खावेत, आग विझेल. १९९३ मध्ये नेदरलँड्समधील झुटफेन शहरातील ८०५ वृद्ध पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चहा, कांदा आणि सफरचंद यांतून जास्त फ्लेवोनॉइड घेणाऱ्यांत हृदयविकाराने मृत्यू कमी आढळले. उत्साहाला उधाण आले. कोणत्या फळात किती विझवण्याची शक्ती आहे याचे तक्ते निघाले.

पण हिशेब जुळत नव्हता. खाल्लेल्या फ्लेवोनॉइडाचा थोडाच भाग आतड्यातून शोषला जातो. तोही आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात पोहोचताच त्याला ग्लुकुरॉनिक आम्लाचे वा सल्फेटचे शेपूट लावून मूत्रावाटे घालवण्याची तयारी सुरू होते. शरीर त्याला पाहुणा मानते, घरचा नव्हे. रक्तात एरवी यूरिक आम्ल लिटरमागे काहीशे मायक्रोमोल आणि ‘क’ जीवनसत्त्व पन्नासाच्या आसपास असते. फ्लेवोनॉइड बहुधा एका मायक्रोमोलपर्यंतही पोहोचत नाहीत. घराला लागलेली आग चमचाभर पाण्याने विझत नाही. सफरचंद खाल्ल्यावर रक्ताची मूलके विझवण्याची क्षमता वाढते हे खरे. पण अमेरिकेतील लायनस पॉलिंग संस्थेतील संशोधकांनी २००४ मध्ये दाखवले, की ही वाढ फ्लेवोनॉइडांची नसून फळातील फ्रुक्टोजमुळे वाढलेल्या यूरिक आम्लाची आहे. २०१२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने आपल्या संकेतस्थळावरून तो फळभाज्यांचा तक्ता काढून टाकला. परीक्षानळीतल्या आकड्यांचा आरोग्याशी संबंध सिद्ध झालेला नाही आणि त्यांचा जाहिरातींत गैरवापर होतो, हे कारण देऊन.

‘अधिक म्हणजे उत्तम’ या समजुतीला १९९४ मध्येच मोठा धक्का बसला होता. फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या चाचणीत बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. बीटा-कॅरोटीन फ्लेवोनॉइड नव्हे. पण ते त्याच तर्कावर दिले गेले होते, आणि तो तर्कच इथे उलटला.

पहारेकऱ्याची झोपमोड

तरीही फ्लेवोनॉइड अगदीच निरुपयोगी आहेत असे नाही. झुटफेनसारखे निरीक्षण इतरत्रही आढळले. २०२२ मध्ये अमेरिकेत २१,४४२ वृद्धांवर कोकोच्या फ्लेवोनॉइडांची चाचणी पूर्ण झाली. हृदयविकार व तत्सम घटना एकत्र धरल्या तर त्यांत लक्षणीय घट नव्हती. हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र २७ टक्क्यांनी कमी होते. निकाल असा संमिश्र. आग विझत नसेल, तर मग हे द्रव्य काय करते?

उत्तर पेशीच्या आतल्या एका पहाऱ्यात मिळाले. १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘एनआरएफ-२’ हे प्रथिन सापडले. ते केंद्रकात शिरले की बचावाचे शेकडो जनुक एकदम सुरू होतात. एरवी ‘कीप-१’ नावाचे दुसरे प्रथिन त्याला धरून ठेवते आणि वीसेक मिनिटांत मोडीत काढते. १९९९ मध्ये मासायुकी यामामोतो यांच्या जपानी गटाने ही जोडी उलगडली. ‘कीप-१’ च्या अंगावर गंधकयुक्त संवेदनशील जागा आहेत. एखादे त्रासदायक द्रव्य त्यांना चिकटले की पकड सुटते, ‘एनआरएफ-२’ मोकळे होते, आणि ग्लुटाथायोन बनवणारी, विष बाहेर टाकणारी एन्झाइमे तयार होऊ लागतात.

आता गंमत पाहा. क्वेर्सेटिन मूलक विझवताना स्वतः ऑक्सिडीकृत होते आणि त्यापासून क्विनोन नावाचे किंचित विषारी रूप बनते. हे रूपच त्या गंधकाच्या जागांना चिकटते. म्हणजे फ्लेवोनॉइड पेशीला वाचवते ते तिला थोडा त्रास देऊन. पाणी घेऊन धावणाऱ्या बंबवाल्यापेक्षा, धुराचा वास देऊन पहारेकऱ्याला जागा करणाऱ्या शेजाऱ्याशी त्याची तुलना बरी. अल्प मात्रेतील विषाने सजीव सावध व बळकट होतो, या परिणामाला ‘हॉर्मेसिस’ हा शब्द १९४३ पासून आहे. रोजचा व्यायाम हेही त्याचेच उदाहरण.

पण या खुलाशाबरोबर इशाराही येतो. फुप्फुसाच्या काही कर्करोगांत ‘कीप-१’ बिघडलेले असते. बचावयंत्रणा सदैव चालू राहते आणि तिचा फायदा कर्कपेशीलाच मिळतो. आणि पेशीचे सगळेच बचाव फ्लेवोनॉइडांमुळे वाढतात असेही नाही. क्वेर्सेटिन उष्माघात प्रथिनांची निर्मिती रोखते, हे १९९० मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले. एकच द्रव्य एक दार उघडते आणि दुसरे बंद करते. मात्रा वाढली की शेजाऱ्याचा धूर खरी आग होतो. हिरव्या चहाचा तीव्र अर्क उपाशीपोटी दिलेल्या बीगल कुत्र्यांत इतके मृत्यू झाले, की तो प्रयोग मध्येच थांबवावा लागला. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनेही २०१८ मध्ये सांगितले, की अर्कातून दिवसाला ८०० मिलिग्रॅम वा त्याहून अधिक ईजीसीजी, म्हणजे हिरव्या चहातील मुख्य फ्लेवोनॉइड, घेतल्यास यकृताला इजा झाल्याची लक्षणे रक्तात दिसतात. कपातला चहा आणि डबीतला चहा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

क्लोव्हरचे कुरण

मात्रेइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे खाणारा कोण. पश्चिम ऑस्ट्रेलियाची हलकी जमीन सुपरफॉस्फेट आणि भूमध्य समुद्राकाठून आलेले सबटेरेनियन क्लोव्हर यांनी सुपीक केली. क्लोव्हर म्हणजे आपल्या बरसीमच्या कुळातले द्विदल गवत. कुरणे हिरवीगार झाली, मेंढ्या पुष्ट झाल्या, आणि १९४० च्या दशकात विपरीत घडू लागले. मेंढ्या फळेनात. ज्या गाभण राहिल्या त्यांतल्या अनेक विताना अडल्या, काहींचे मायांग बाहेर पडले. न व्यालेल्या माद्यांना आणि खच्ची केलेल्या नरांनाही दूध उतरले. बेनेट्स, अंडरवुड आणि शायर यांनी १९४६ मध्ये हा रोग प्रथम नोंदवला. कुरणात फिरणारे काहीतरी स्त्री-संप्रेरकासारखे वागत होते.

संशय आधी जेनिस्टीन या आयसोफ्लेवोनवर गेला, कारण परीक्षानळीत तेच जोरकस होते. खरा अपराधी निघाला फॉर्मोनोनेटिन; स्वतः जवळजवळ निष्क्रिय. मेंढीच्या कोटीपोटातील जिवाणू जेनिस्टीन मोडून निरुपद्रवी करतात. फॉर्मोनोनेटिनपासून मात्र ते इक्वॉल बनवतात, आणि इक्वॉल इस्ट्रोजेनची नक्कल करते. इक्वॉल हे नाव घोडीवरून पडलेले आहे: १९३२ मध्ये ते प्रथम गाभण घोडीच्या मूत्रात सापडले होते. दीर्घकाळ अशा कुरणावर चरलेल्या मेंढीच्या गर्भाशयमुखाची रचना कायमची बदलते, शुक्रजंतूंना वर जाण्याची वाट राहत नाही, आणि मग चांगल्या चाऱ्यावर नेऊनही उपयोग नसतो. त्याच कुरणावर गाईंना मात्र तितकासा त्रास होत नाही. पुढे फॉर्मोनोनेटिन कमी असलेले वाण निवडून पेरले गेले.

लसूणघासात याच घराण्याचे कौमेस्ट्रॉल असते, आणि पानांवर बुरशी पडली किंवा माव्याचा हल्ला झाला की त्याचे प्रमाण वाढते. झाडावरचा ताण अशा रीतीने खाद्यातून जनावराच्या अंगात उतरतो. रोगट घास कापून दुभत्या वा गाभण जनावरापुढे टाकताना ही साखळी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

चित्ता, मांजर आणि कांदा

१९८७ मध्ये सेचेल आणि सहकाऱ्यांनी प्राणिसंग्रहालयातील चित्त्यांचे वंध्यत्व आणि यकृताचा आजार यांचे संभाव्य कारण म्हणून त्यांच्या खाद्यातील सोयाबीनकडे बोट दाखवले. सोयाबीनमध्ये आयसोफ्लेवोन भरपूर असतात. खाद्य बदलून कोंबडीचे मांस दिल्यावर यकृताच्या चाचण्या सुधारल्या आणि यकृतपेशींतील तंतुकणिकांचे बिघडलेले रूपही पूर्ववत झाले. चित्त्यांच्या वंध्यत्वाला आनुवंशिक कारणेही आहेत. तरी पेशीतला हा बदल दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता.

मार्जारकुळाची अडचण जुनी आहे. पिढ्यान्‌पिढ्या केवळ मांस खाल्ल्यामुळे वनस्पतींतील द्रव्यांना ग्लुकुरॉनिक आम्लाचे शेपूट लावण्याची गरजच उरली नाही, आणि त्यासाठीचा एक महत्त्वाचा जनुक मोडून निकामी झाला. म्हणून माणसाला साधी वाटणारी पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. जे ‘नैसर्गिक’ ते सगळ्यांना सारखे, या समजाला मांजर हे चालतेबोलते उत्तर आहे.

कांद्याची गोष्ट तर आपल्या दारातली. क्वेर्सेटिनचा उत्तम स्रोत म्हणून ज्याची ख्याती, त्याच कांद्याने कुत्र्यांना रक्तक्षय होतो, हे १९३० मध्ये नोंदले गेले. इथे दोष क्वेर्सेटिनचा नाही. कांद्यातील गंधकयुक्त द्रव्ये रक्तपेशीतील हिमोग्लोबिनचे ऑक्सिडीकरण करतात. बिघडलेल्या हिमोग्लोबिनचे गोळे पेशीच्या भिंतीला चिकटतात. रोबर्ट हाइन्झ यांनी १८९० मध्ये वर्णन केलेले हाइन्झ पिंड ते हेच. अशा पेशी फुटतात, लघवी तांबूस होते, हिरड्या फिक्या पडतात. कुत्र्याला किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांदा आणि मांजराला केवळ ५ ग्रॅम एवढ्याने रक्तात बदल दिसू लागतात. मांजराच्या हिमोग्लोबिनवर ऑक्सिडीकरणाला बळी पडणाऱ्या गंधकाच्या आठ जागा आहेत, कुत्र्याच्या चार. शिवाय मांजराची प्लीहा असे पिंड नीट काढून टाकू शकत नाही. कांदा शिजवल्याने धोका टळत नाही. जपानमधल्या काही कुत्र्यांच्या रक्तपेशींत ग्लुटाथायोन हे पेशीचे स्वतःचे संरक्षक द्रव्य जन्मतःच जास्त असते. त्यांना कांदा कमी बाधेल असे वाटावे. १९९२ चा निष्कर्ष उलट निघाला. कांद्यातील द्रव्याशी गाठ पडताच जास्तीचे ग्लुटाथायोनच नवे मूलक निर्माण करायला हातभार लावते. ‘अँटिऑक्सिडंट अधिक, तर संरक्षण अधिक’ या सूत्राला याहून नेमके उत्तर शोधून सापडणार नाही.

भाव कोसळला की नाशिक-नगर पट्ट्यात कांदा जनावरांपुढे टाकला जातो. टाकून देण्यापेक्षा बरे, ही भावना समजण्यासारखी आहे. पण गुरे कांद्याला चांगलीच बळी पडतात. मेंढ्या व शेळ्या त्यामानाने सोसतात. गुरांच्या शुष्क खाद्यात कांदा पाव हिश्श्याहून अधिक नसावा, तो इतर चाऱ्यात मिसळून हळूहळू वाढवावा, असे पशुवैद्यकीय साहित्य सांगते. बाजाराने मारलेल्या शेतकऱ्याची गायही त्याच कांद्याने जायला नको.

व्यालेली गाय आणि झाकलेले दार

गाय व्याण्याआधीचे आणि नंतरचे तीन-तीन आठवडे तिच्या आयुष्यातले सर्वांत अवघड. दूध भरभरून उतरते, भूक त्या वेगाने वाढत नाही. अंगावरची चरबी वितळून यकृताकडे धावते. यकृताच्या तंतुकणिकांवर भार येतो, आंतर्द्रव्यजालिकेत प्रथिनांच्या घड्या चुकू लागतात, चरबी साठते, आणि कितनबाधेची वाट मोकळी होते. पेशीवरचा ताण इथे थेट दुधाच्या हिशेबात दिसतो. जर्मनीतील गिसेनच्या संशोधकांनी अशा गाईंना हिरवा चहा व हळद यांचा अर्क देऊन पाहिला, तेव्हा यकृतातील चरबी कमी आढळली. दिशा आशादायक आहे. पण कोटीपोट हा मोठा जकातनाका आहे. बरेचसे फ्लेवोनॉइड तिथेच जिवाणूंच्या हातून मोडतात. उंदरातला वा माणसातला आकडा गाईला लावून चालत नाही.

एका ठिकाणी मात्र या घराण्याने निर्विवाद नाव मिळवले आहे. मिल्क थिसल या काटेरी वनस्पतीच्या बियांतील सिलिबिनीन हे द्रव्य अर्धे फ्लेवोनॉइड आहे. ‘डेथ कॅप’ या जीवघेण्या अळिंबीच्या विषबाधेत युरोपात ते शिरेतून देतात. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बीगल कुत्र्यांवरच्या प्रयोगात सिलिबिनीन मिळालेले कुत्रे वाचले. ते कसे वाचवते? मुख्यतः यकृतपेशीत विष शिरण्याचे दारच अडवून. विझवण्याचा तिथे फारसा संबंध नाही. नेमके द्रव्य, नेमके विष, नेमका अवयव, नेमकी वेळ: औषध म्हणतात ते याला.

नव्वद वर्षांच्या या प्रवासानंतर ‘फ्लेवोनॉइड चांगले की वाईट’ हा प्रश्नच गैरलागू ठरतो. कोणते फ्लेवोनॉइड, किती, कोणत्या प्राण्याच्या पोटात, आणि त्या पोटातले जिवाणू त्याचे काय करतात, हे चार प्रश्न एकत्र विचारावे लागतात. माणसातही सोयाबीनपासून इक्वॉल बनवणारे जिवाणू सर्वांच्या आतड्यात नसतात. एकाच पंगतीत बसलेल्या दोघांच्या पोटात एकाच घासाची दोन वेगळी रसायने होतात. पालेभाजी, फळे, डाळी, चहा यांनी भरलेल्या ताटाविरुद्ध यातले काहीच जात नाही. त्या ताटातील मात्रा माणसाच्या सवयीची आहे. जाते ते अर्क काढून, डबीत भरून, तोच गुण शंभरपट होईल म्हणून विकणाऱ्या आशेविरुद्ध. आणि माणसासाठी काढलेली डबी कुत्र्यामांजराच्या वाटीत रिकामी करणाऱ्या मायेविरुद्धही. झाडाने ही द्रव्ये स्वतःचा जीव वाचवायला घडवली. मेंढीला त्यांतून वांझपण आले, चित्त्याचे यकृत शिणले, विषबाधा झालेला बीगल वाचला. झाडाच्या बाजूने पाहिले तर या तिन्ही गोष्टी योगायोग आहेत. त्यांतला आपल्या उपयोगाचा योगायोग कोणता, हे प्रत्येक वेळी नव्याने तपासावे लागते.